केपचा जुना शेतवाडा कसा वाचावा : बांधणी, कागदपत्रे आणि माणसे

दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतात, स्टेलनबॉश, पार्ल, फ्रान्सहुक आणि कॉन्स्टॅन्शियाच्या परिसरात, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत वसलेले अनेक शेतवाडे आजही उभे आहेत. चुन्याने रंगवलेल्या जाड भिंती, गवताने शाकारलेले उंच छप्पर आणि मुख्य दाराच्या बरोबर वर, छपराच्या रेषेपलीकडे चढणारी भिंतीची नक्षीदार शिखरबाजू, म्हणजे गेबल, ही त्यांची ओळख होय. गेबलवर बहुधा एखादे साल उठावात काढलेले असते आणि पाहणारा ते वाचून घराचे वय ठरवून मोकळा होतो. प्रत्यक्षात ते साल पुष्कळदा केवळ त्या दर्शनी भागाचे असते. त्यामागचे घर कित्येक दशकांनी जुने असू शकते, आणि ज्यांच्या श्रमांवर ते उभे राहिले त्यांचा तर तेथे उल्लेखही नसतो. म्हणून असा वाडा अभ्यासायचा असेल तर सुरुवात आवारापासून आणि घराच्या मागच्या बाजूपासून करावी, गेबल शेवटी पाहावा, आणि भिंती जे सांगतात ते कागदांशी ताडून घ्यावे.

काळाची चौकट

वाड्यापाशी जाण्यापूर्वी काही साले पक्की ठाऊक असावीत, कारण बांधणीतील जवळजवळ प्रत्येक मोठा बदल त्यांपैकी एखाद्याशी जोडलेला सापडतो. ६ एप्रिल १६५२ रोजी यान फान रीबेक कंपनीच्या वतीने टेबल बेमध्ये उतरला. आशियाकडे ये-जा करणाऱ्या जहाजांना ताजे पाणी, भाजी आणि मांस पुरवणारे ठाणे एवढाच कंपनीचा मूळ हेतू होता. १६५७ मध्ये कंपनीच्या काही नोकरांना चाकरीतून मोकळे करून लीसबेक नदीकाठी जमिनी देण्यात आल्या; वसाहतीतील खासगी शेतीची ही सुरुवात. ही जमीन रिकामी नव्हती, ती खोइखोइ पशुपालकांची चराऊ राने होती, ही गोष्ट कोणत्याही वाड्याच्या इतिहासात पहिल्याच परिच्छेदात यायला हवी. १६५८ मध्ये गुलामांनी भरलेली पहिली मोठी जहाजे आली, १६७९ मध्ये स्टेलनबॉश वसले आणि १६८८ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेले ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, येऊन द्राक्षशेतीला हातभार लागला. १७९५ मध्ये इंग्रजांनी केप घेतले, १८०३ ते १८०६ एवढा काळ ते पुन्हा डचांकडे होते आणि १८०६ पासून कायमचे इंग्रजी झाले. १ डिसेंबर १८३४ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली, पण जुन्या मालकाकडेच करायच्या चार वर्षांच्या सक्तीच्या उमेदवारीमुळे खरी सुटका १८३८ मध्येच झाली. १८८६ मध्ये फायलोक्सेरा या किडीने केपच्या द्राक्षमळ्यांत शिरकाव केला आणि पुढच्या काही वर्षांत अनेक जुनी घराणी जमिनी विकून बाहेर पडली.

यांपैकी शेवटचा टप्पा अभ्यासक सहज विसरतात. किडीनंतर मालकी बदललेल्या वाड्यांची पुढे श्रीमंत खरेदीदारांनी डागडुजी केली, आणि ती करताना अठराव्या शतकाविषयीची स्वतःची कल्पना भिंतींवर चढवली.

आवार आधी, घर नंतर

शेतवाडा म्हणजे एकटे घर नव्हे. राहते घर, त्याच्या बाजूला थोरल्या मुलाचे किंवा कारभाऱ्याचे योंकर्सहॉइस, वाइनचे तळघर, तबेला, गाडीखाना, कोंबड्यांची आणि कबुतरांची घरे, पाण्याचा पाट, कधी गिरणी, गुलामांच्या खोल्या, आणि या सर्वांना कवेत घेणारी बुटकी पांढरी भिंत मिळून जे आवार होते त्याला तेथे वेर्फ म्हणतात. सर्वप्रथम या आवाराचा नकाशा काढावा. मोजमापासाठी लांब टेप आणि होकायंत्र पुरेसे असते; बारकावे नंतर भरता येतात.

नकाशा काढताना तीन प्रश्न मनात ठेवावेत. पाणी कोठून येते आणि कोठे जाते? मुख्य घराचा मधला अक्ष आवारातून कोणत्या दिशेला जातो, आणि ओकची रांग किंवा फाटक त्या अक्षावर आहे की नाही? आणि मालकाच्या ओट्यावरून आवारातील कोणकोणत्या दारांवर नजर पोचते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार बोलके असते. तबेला, तळघर आणि कामकऱ्यांच्या खोल्या यांची दारे बहुधा अशी असतात की मालकाला बसल्या जागेवरून सर्व येणे-जाणे दिसावे. कामाच्या वेळा सांगणारी घंटा, तिचे चुन्याचे खांब अजून उभे असतील तर, याच दृष्टिरेषेच्या संदर्भात नोंदवावी. केवळ शोभेची वस्तू म्हणून तिचे छायाचित्र काढून पुढे जाणे हा त्या जागेवर अन्याय आहे.

आराखड्यातून घराची वाढ

आवारानंतर घराला बाहेरून पूर्ण फेरी मारावी. सतराव्या शतकाअखेरचे साधे घर एका ओळीतील दोन-तीन खोल्यांचे असे. घराची रुंदी उपलब्ध तुळयांच्या लांबीवर अवलंबून असे, त्यामुळे एका पाख्याखालचा भाग साधारण सहा मीटरपेक्षा रुंद क्वचितच सापडतो. घर वाढवायचे तर रुंदी वाढवता येत नसे, म्हणून त्याच रुंदीचा नवा हात जोडला जाई. मागे मधोमध एक हात जोडला की इंग्रजी टी अक्षराचा आराखडा होतो, दोन्ही टोकांना दोन हात जोडले की यू, आणि दोन समांतर हात मधल्या दालनाने सांधले की एच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी एच आराखडा संपन्न घरांत स्थिरावला. १८१२ हे साल गेबलवर मिरवणारे बोशनडाल हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

येथे कळीची गोष्ट अशी, की एच आकाराचे घर एका दमात बांधलेले आहे की लांबट घराला हात जोडत जोडत तेथवर पोचले आहे, हे भिंतींच्या सांध्यांवरून शोधावे लागते. दोन भिंती जेथे काटकोनात भेटतात तेथे गिलाव्यात उभी, सरळ, वरपासून खालपर्यंत जाणारी भेग दिसत असेल तर बहुधा नवी भिंत जुनीला नुसती टेकवलेली आहे. विटा एकमेकींत गुंफलेल्या असतील तर दोन्ही एकाच वेळच्या. आतल्या एखाद्या भिंतीत बुजवलेली खिडकी सापडली तर ती भिंत कधीकाळी बाहेरची होती हे उघड होते. प्रत्येक भिंतीची जाडी मोजून आराखड्यावर लिहावी. जुन्या बाहेरच्या भिंती साधारण साठ सेंटीमीटर किंवा त्याहून जाड असतात, आणि अशी जाड भिंत घराच्या पोटात सापडणे हा वाढीचा पक्का धागा असतो.

मापे मीटरमध्येच घ्यावीत, पण घरी येऊन ती र्‍हाइनलँड फुटांतही करून पाहावीत. डच काळात रूढ असलेला हा फूट सुमारे ३१.४ सेंटीमीटरचा आणि इंग्रजी फूट ३०.४८ सेंटीमीटरचा. एखाद्या दालनाची रुंदी ६.२८ मीटर भरली तर ती बरोबर २० र्‍हाइनलँड फूट होते, इंग्रजी फुटांत मात्र वेडावाकडा अपूर्णांक येतो. एवढ्याने काही सिद्ध होत नाही. पण घराच्या एका हातात पूर्णांक एका मापात आणि दुसऱ्या हातात दुसऱ्या मापात येऊ लागले तर दोन हात दोन राजवटींतले असण्याची शंका घ्यायला जागा मिळते.

आतील रचना समजायला सोपी आहे. ओट्यावरून, म्हणजे तेथील स्टूपवरून, आडव्या दोन झडपांच्या दारातून फोरकामर या बैठकीत प्रवेश होतो. तिच्या दोन्ही बाजूंना झोपण्याच्या खोल्या, मागे आख्टरकामर हे लांब दालन आणि दोहोंच्या मध्ये पुष्कळदा लाकडी पडदी असते. स्वयंपाकघर मागच्या हाताच्या टोकाला सापडते. तेथील रुंद चूल, तिचे धुराडे आणि भिंतीबाहेर फुगलेली भट्टी बाहेरच्या फेरीतच ओळखू येते.

साहित्य जवळून पाहणे

भिंती कच्च्या विटांच्या, दगड-मातीच्या किंवा दोहोंच्या मिश्रणाच्या असत आणि पावसापासून वाचवण्यासाठी त्यांवर चुन्याचा गिलावा व दरवर्षी चुन्याचा हात दिला जाई. चुना समुद्रातील शिंपले भाजून काढलेला असे. म्हणून जुन्या गिलाव्याचा निसटलेला तुकडा हातात घेऊन भिंगाखाली पाहावा. न जळालेल्या शिंपल्यांचे बारीक पांढरे कण दिसले तर तो जुन्या पद्धतीचा चुना समजावा. कडेने पाहिल्यास चुन्याच्या हातांचे पापुद्रे एकावर एक बसलेले दिसतात आणि त्यांत कधी फिकट पिवळा, कधी गेरूसारखा रंग मध्येच डोकावतो. घर सदैव पांढरेच होते हा समज एवढ्याशा तुकड्याने ढळू शकतो. असा तुकडा भिंतीवरून उचकटून मात्र काढू नये. पडलेला असेल तोच घ्यावा, कोठे पडला होता ते लिहावे आणि मालकाला विचारून पिशवीत ठेवावा. सिमेंटचा गिलावा दिसला तर तो बराच नंतरचा असतो आणि कच्च्या विटांची ओल आतच कोंडून भिंतीचे नुकसान करीत असतो, म्हणून त्याची जागाही नोंदवावी.

छपराचे गवत स्थानिक बोरूसारख्या वनस्पतीचे असे. माळ्यावर जाण्याची परवानगी मिळाली तर ती संधी सोडू नये. छताच्या फळ्यांवर माती किंवा विटांचा जाड थर अंथरलेला असेल तर तो ब्रांटसोल्डर होय. छपराला आग लागली तर जळते गवत या थरावर पडावे आणि खालच्या खोल्या वाचाव्यात ही त्यामागची योजना. माळ्यावरच वाशांची मूळ खाच, आढ्याची बदललेली उंची आणि जुन्या धुराड्याची काजळी दिसते. एकोणिसाव्या शतकात गवत काढून पन्हळी पत्रा घातला गेला आणि विसाव्या शतकात पुन्हा गवत आले, असे अनेक घरांचे झाले आहे. पत्र्यासाठी छाटलेले वासे ही त्याची खूण.

लाकडात यलोवुड तुळया व फळ्यांसाठी, स्टिंकवुड सामानासाठी आणि आशियातून आलेले सागवान दारे-खिडक्यांसाठी वापरले जाई. जमिनी पूर्वी मातीच्या व शेणाने सारवलेल्या असत. काही ठिकाणी पीचच्या बिया मातीत ठोकून टिकाऊ जमीन केलेली आढळते. खिडक्यांत वर सरकणारी झडप आणि लहान लहान अनेक तावदाने हे डच काळाचे वैशिष्ट्य आहे, आणि चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाला समतल बसवलेली असते. इंग्रजी वळणाच्या खिडकीत तावदाने मोठी होतात आणि चौकट भिंतीत आत सरकते. एकाच दर्शनी भिंतीवर दोन्ही प्रकार आढळले तर दाराच्या डावी-उजवीकडची तुलना करून कोणती खिडकी बदलली ते लिहावे.

गेबलकडे आता वळावे

गेबल केवळ सजावट नव्हता. तो माळ्याला उजेड आणि हवा देतो आणि छप्पर पेटल्यास जळते गवत मुख्य दारावर कोसळू देत नाही, म्हणजे घरातील माणसांना बाहेर पडायला वाट राहते. आकारावरून स्थूल क्रम लावता येतो. अठराव्या शतकाच्या मध्याला आत-बाहेर वळणाऱ्या रेषांचा होल्बोल प्रकार रूढ झाला, आणि शतकाच्या अखेरीस खांबांचे उठाव व माथ्यावर त्रिकोण असलेला अभिजात वळणाचा प्रकार पुढे आला. मात्र दूरच्या खोऱ्यांत जुनी वळणे पुष्कळ काळ टिकली, त्यामुळे केवळ आकारावरून साल सांगण्याचा मोह आवरावा.

ग्रूट कॉन्स्टॅन्शिया हे घर या बाबतीत मोठी शिकवण देते. १६८५ मध्ये सायमन फान डर स्टेल या गव्हर्नराला तेथे ८९१ मॉर्गन, म्हणजे सुमारे ७६३ हेक्टर जमीन मिळाली. १७१२ मध्ये तो वारल्यावर मालमत्ता विभागली गेली. १७७८ मध्ये हेंड्रिक क्लूटे याने ग्रूट कॉन्स्टॅन्शिया विकत घेतले आणि घराला आजचे रूप दिले. गेबलच्या कोनाड्यातील समृद्धीची मूर्ती आणि १७९१ च्या तळघरावरील गॅनिमीडचे (ग्रीक पुराणातील देवांच्या प्यालेदाराचे) उठावशिल्प अँटन आन्राइट या जर्मन शिल्पकाराची मानली जातात. तळघराच्या रचनेचे श्रेय लुई मिशेल थिबो या फ्रेंच वास्तुकाराला दिले जाते. १८८५ मध्ये सरकारने ही जागा प्रायोगिक शेतीसाठी घेतली, १९२५ मध्ये घर आगीत भस्मसात झाले आणि एफ. के. केंडल यांच्या देखरेखीखाली ते पुन्हा उभे करण्यात आले. आज दिसणारे घर म्हणजे सतराव्या शतकातील गाभ्याभोवती अठराव्या शतकात रचलेल्या आणि विसाव्या शतकात पुन्हा घडवलेल्या वास्तूचे रूप आहे. अशा घराला एकच साल देणे शक्यच नाही. प्रत्येक भागाला वेगळे साल द्यावे आणि ते कशावरून दिले ते शेजारी लिहावे.

कागद कोठे आणि कसे शोधावेत

केप टाउनमधील पश्चिम केपचे अभिलेखागार हे या कामाचे मुख्य ठिकाण आहे. मालकीहक्काचे दस्त आणि भूमापकांच्या आकृत्या यांवरून जमिनीची साखळी लावावी. पण आतल्या भागातील शेत असेल तर अडचण येते, कारण कंपनी तेथे जमीन विकत नसे, ती वापरायला देत असे. मध्यबिंदूपासून कोणत्याही दिशेला अर्धा तास चालत जाता येईल एवढा टापू, सुमारे ३,००० मॉर्गन, आणि त्याबद्दल वार्षिक खंड. १७३२ पासून तो २४ रिक्सडॉलर (तेथील तेव्हाचे चलन) होता. जमीन कंपनीची असल्यामुळे शेतकरी फक्त बांधकामे विकू शके. १८१३ मध्ये इंग्रजांनी कायम खंडाची पद्धत आणली आणि त्यानंतर मोजणीच्या आकृत्या मिळू लागतात. म्हणून १८१३ पूर्वीचा दस्त न सापडल्यास शेतच नव्हते असा निष्कर्ष काढू नये, तर खंडाच्या नोंदवह्यांकडे वळावे.

घर समजण्यासाठी सर्वांत मोलाचा कागद म्हणजे मालमत्तेची यादी. मालक किंवा मालकीण वारल्यावर अल्पवयीन वारसांच्या हितासाठी ऑर्फन चेंबर ही संस्था मालमत्तेची नोंद करवून घेई आणि नोंद करणारे घरात खोलीमागून खोली फिरत. पुढची खोली, उजवीकडची, डावीकडची, मागचे दालन, स्वयंपाकघर, माळा, तळघर, अशा क्रमाने खाटा, आरसे, भांडी, पिंपे लिहिली जात. हा क्रम समोर ठेवून स्वतःच्या आराखड्यावर बोट फिरवावे. यादीतील खोल्या आराखड्यापेक्षा कमी भरल्या तर उरलेले दालन यादीनंतर बांधलेले असू शकते. मात्र रिकामी खोली नोंदलीच जात नसे, हेही ध्यानात ठेवावे.

चित्रांवर सहज विश्वास टाकू नये. सायमनचा मुलगा आणि त्याच्यानंतरचा गव्हर्नर विल्यम आद्रियान फान डर स्टेल याला १७०० मध्ये फेरगेलेगन येथे जमीन मिळाली आणि त्याने कंपनीची साधने वापरून तेथे वैभव उभारल्याचा आरोप आदाम तास व इतर शेतकऱ्यांनी केला. पुढे दोन्ही पक्षांनी छापलेल्या पुस्तिकांत त्याच वाड्याचे चित्र आहे. विरोधकांच्या चित्रात तो थाटाचा दिसतो, गव्हर्नराच्या चित्रात साधा. १७०७ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले आणि शेताचे तुकडे करून विकले गेले. विसाव्या शतकाच्या आरंभीची आर्थर एलियट यांची छायाचित्रे याहून अधिक भरवशाची आहेत, आणि नंतरच्या डागडुजीने काय पुसले ते त्यांवरून कळते.

घर बांधणारी माणसे

१६५२ ते १८०८ या काळात साधारण ६० हजार माणसे गुलाम म्हणून केपला आणली गेली. आफ्रिकेचा पूर्व किनारा, मादागास्कर, इंडोनेशियाची बेटे आणि भारत या चार प्रदेशांतून ती आली, आणि भारतातून आलेल्यांचा वाटा सुमारे एक चतुर्थांश मानला जातो. मालमत्तेच्या यादीत त्यांची नावे गुरे आणि पिंपांच्या मागेपुढे, किमतीसह येतात. नावापुढे बंगाल, मलबार किंवा नुसता ‘किनारा’, म्हणजे कोरोमंडल, असा उगम लिहिलेला असतो. केपमध्ये जन्मलेल्यांपुढे केपचे नाव. हे वाचताना मराठी वाचकाला ही कथा परक्या मुलखाची राहत नाही. विटा पाडणारे, गिलावा करणारे, सुतारकाम करणारे यांत मोठ्या संख्येने हेच लोक होते. म्हणून अभ्यासात प्रत्येक नावाची नोंद करावी, आणि १८१६ पासून ठेवल्या गेलेल्या गुलामांच्या नोंदवह्यांत तीच नावे, त्यांची वये, काम आणि मुले शोधावीत.

कागद गप्प असतात तेथे जमीन बोलते. फेरगेलेगन येथील गुलामांच्या इमारतीच्या उत्खननात जमिनीखाली एका स्त्रीचे दफन सापडले. तिच्या हाडांच्या रासायनिक तपासणीवरून ती बालपणी उष्ण कटिबंधातील प्रदेशात वाढली आणि पुढे केपला आली असावी असे दिसले.

परवानगी आणि नोंदींची जपणूक

दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ च्या वारसा संपत्ती कायद्याप्रमाणे (क्रमांक २५) ६० वर्षांपेक्षा जुन्या वास्तूत परवान्याशिवाय बदल करता येत नाही आणि ती पाडताही येत नाही. पुरातत्त्वीय अवशेष आणि औपचारिक दफनभूमीबाहेरील ६० वर्षांपेक्षा जुन्या कबरी यांनाही संरक्षण आहे. पश्चिम केपमध्ये हे परवाने हेरिटेज वेस्टर्न केप ही प्रांतिक संस्था देते. अभ्यासकाने काहीही खणू नये, खरवडू नये आणि आवारातील दगडांची रास कबर असू शकते हे गृहीत धरूनच चालावे. बहुतेक वाडे खासगी मालकीचे आहेत, तेव्हा मालकाला हेतू लेखी कळवावा आणि माळा, तळघर व मागचे आवार पाहण्याची परवानगी स्वतंत्रपणे मागावी. नाहीतर दर्शनी खोल्यांपलीकडे पाऊल पडत नाही.

अंतिम टिपणात आराखडा १:१०० या प्रमाणात काढून वेगवेगळ्या काळांच्या भिंती वेगवेगळ्या छटांत दाखवाव्यात, आणि जेथे काळ निश्चित नाही ती भिंत मोकळी सोडावी. छायाचित्रांत मोजपट्टी ठेवावी, दिशा व तारीख लिहावी. नावांची यादी आराखड्याच्या मागे परिशिष्टात न ढकलता घराच्या त्या त्या टप्प्यासोबतच द्यावी, म्हणजे १७९० च्या सुमाराचा हात दाखवताना त्या वेळी आवारात कोण राहत व राबत होते हेही त्याच पानावर दिसेल. एक प्रत मालकाला आणि एक अभिलेखागाराला द्यावी, कारण पुढची डागडुजी करणाऱ्याला कोणती भिंत जुनी आहे हे विचारायला दुसरे कोणी उरलेले नसते.